उत्कृष्ट श्रोता

आमच्या शीतगृहात मटार, मासळी आणि सफरचंदं गारठवून ठेवतात. माणसं मात्र गारठून चालत नाहीत, ती सारखी पुढे जायला हवीत, असा साक्षात्कार वरच्या कार्यालयाला झाला आणि त्यांनी आमच्याकडे ट्रेनिंगसाहेब पाठवले.

ट्रेनिंगसाहेब म्हणजे गुळगुळीत गाल, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि तोंडात कायम 'शिकण्याचा प्रवास'. आल्या दिवशीच त्यांनी आम्हा सगळ्यांना माल चढवायच्या धक्क्यावर उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या शिकण्याच्या प्रवासात तुम्ही आज कुठे आहात?" गेटवरचे मामा म्हणाले, "गेटवरच." साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढे त्याचा तक्ता झाला, तक्त्याचा रंगीत आलेख झाला आणि तो आलेख कुठल्याशा मीटिंगमध्ये वाखाणला गेला म्हणे.

त्याआधी आमच्याकडे कुणी काही शिकत नव्हतं असं नाही हं. नवा माणूस आला की त्याला एका जुन्या माणसाच्या हवाली करायचे. जुना दिवसभर त्याला शिव्या घालायचा आणि संध्याकाळपर्यंत नव्याला बरंचसं काम यायचं. जे यायचं नाही ते बोटं चेंगरून यायचं. ही पद्धत फार चांगली होती असं मी म्हणत नाही. चेंगरलेली बोटं मीच पट्टी बांधून घरी पाठवलेली आहेत. त्यात नवीन थंड खोल्या बांधल्या, पुढच्या काट्यांवर माल उचलणाऱ्या नवीन फोर्कलिफ्ट आल्या, खोल्यांमधले रस्ते एकेरी झाले. नियम बदलले, तेव्हा शिकवायला तर हवंच होतं. साहेबांनी शिकवण्यासाठी एक पोर्टल आणलं आणि त्यात पानापानांवर नियम लिहिलेले व्हिडिओ भरले.

त्या व्हिडिओंना आधी कॉम्प्युटरचा आवाज होता. तो आवाज "सावधान" असं म्हणायचा की वाटायचं, बिचाऱ्याला कुणी तरी झोपेतून उठवलंय. माणसं हसून हसून बेजार. साहेब हिरमुसले. आणि नेमके त्याच दिवशी ते माझ्या खिडकीपाशी येऊन थांबले.

मी डिस्पॅचच्या खिडकीत बसते. ट्रकवाल्यांचे फोन घेणं हे माझं काम. अर्धा दिवस उशीर करून वर मलाच "मॅडम, जरा समजून घ्या" म्हणणाऱ्या एकाला मी समजून घेत होते. चांगलं पाच-दहा मिनिटं समजून घेतलं. फोन ठेवला तर मागे साहेब, डोळे पाणावलेले. "काय स्पष्ट उच्चार आहेत! एक शब्द वाया जात नाही! आमच्या व्हिडिओंना हाच आवाज हवा." झालं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं त्यांनी. आणि मी चढले, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत माझ्या आवाजाबद्दल 'जरा हळू' याखेरीज कुणी काही बोललेलं नव्हतं.

रेकॉर्डिंग केलं जॅकेटांच्या खोलीत. थंड खोलीत जाणाऱ्यांची जाडजूड जॅकेटं तिथे टांगलेली असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. पलीकडे भिंतीआड मासळी गोठत होती आणि मी इकडे घामाने निथळत वाचत होते, "माल उचलण्यापूर्वी काट्यांची उंची तपासा. समोरचं दिसत नसेल तर गाडी उलटी चालवा. चार्जर बंद केल्याशिवाय वायर काढू नका." चांगले मुद्दे होते, बरं का. कुणी तरी विचार करून लिहिलेले. मीही अगदी जीव ओतून वाचले.

त्या संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी आमच्या ह्यांना सांगितलं, "अहो, फोर्कलिफ्टच्या नव्या व्हिडिओंमध्ये आवाज माझा आहे."

"हं," हे म्हणाले.

मला वाटलं, अभिमानाने कंठ दाटून आला असेल.

आमचे हे त्याच शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतात. लग्नाआधी पोती उचलायचे, त्यात कमरेचा मणका गेला. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे वजन उचललंत तर आडवे पडाल. म्हणून गाडी शिकले, आणि तेव्हापासून त्या गाडीची सीट म्हणजे आमच्या घराचा आधार. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की साहेबांनी नियम काढला होता, ड्रायव्हरने व्हिडिओ बघायचे आणि साहेबांच्या खोलीत बसून परीक्षा द्यायची. तीन संधी. तिन्ही वेळा नापास झाला तर गाडीची चावी काढून घ्यायची आणि माणूस हमालीला पाठवायचा.

पोरंटोरं पास झाली. चष्मा घरी विसरून आलेला एक ड्रायव्हर पास झाला. गेटवरच्या मामांनी तर आपला व्हिडिओ सुरू करून फोन चार्जिंगला लावला आणि स्वतः चहाला गेले, तेही गेटच्या परीक्षेत अंदाजपंचे पास झाले. आणि आमचे हे? नापास. चांगले सणसणीत नापास.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"नवीन नियम विचारले गं."

"मग व्हिडिओत होते ना ते!"

"हं."

मी त्या दिवशी संध्याकाळपासून ह्यांची शिकवणी घेतली. एकेरी रस्ते समजावले, काट्यांची उंची समजावली, बॅटरी समजावली. हे समोर बसून मान डोलावत होते. मध्येच "बरोबर आहे तुझं" असंही म्हणाले. मला वाटलं, आता हा गडी पहिला नंबर काढतो. दुसऱ्या परीक्षेत आधीपेक्षा कमी मार्क पडले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते ऐकून होते, पण घडा आपल्याच घरातला निघाला की त्या म्हणीची खरी मजा कळते.

आणि याच आठवड्यात नोटीसबोर्डवर ह्यांचा फोटो लागला. खाली लिहिलेलं, 'उत्कृष्ट श्रोता'. झालं होतं असं, की व्हिडिओ बघणारा माणूस खरंच बघतोय की नाही याची पोर्टल फोनच्या कॅमेऱ्यातून नुसती नोंद ठेवायचं, अडवायचं कुणालाच नाही. आमचे हे पापणी न लवता स्क्रीनकडे बघत होते, योग्य त्या ठिकाणी मान हलवत होते. सगळ्या शीतगृहात असा एकाग्र माणूस दुसरा नाही, असा निर्वाळा पोर्टलने दिला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षेत दोनदा नापास झालेला माणूसच सर्वांत चांगला श्रोता कसा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. दोन्ही आलेख वेगवेगळ्या पानांवर होते ना.

माल चढवणाऱ्यांनी ह्यांना चिडवलं, "काय दादा, वहिनींनी घरी सोडलं नाही, इथेही सोडलं नाही!" हेही त्यांच्याबरोबर हसले.

मला मात्र हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. हे धक्क्यावर उभे आहेत, पाठीवर पोतं आहे आणि कंबर धरून खाली बसताहेत. तिसरी परीक्षा दोन दिवसांवर आलेली. हे रात्रीच्या जेवणाआधी खाटेवर बसून पुन्हा व्हिडिओ बघत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं पुसत उभी होते. फोनमधून माझा आवाज येत होता.

"गाडीतून उतरण्यापूर्वी काटे जमिनीला टेकवा," मी फोनमधून म्हणाले.

"हो, टेकवतो," हे म्हणाले.

"एकेरी रस्त्यावर वळताना हॉर्न वाजवा."

"हं."

"चार्जिंगच्या खोलीचं दार उघडं ठेवा."

"ठेवलंय गं."

ठेवलंय गं! कुठलं दार, कसलं दार, कुणाला सांगताय? मी तिथेच थिजले. ह्यांचा चेहरा मी नीट बघितला. डोळे स्क्रीनवर, मान लयीत हलतेय आणि चेहऱ्यावर अशी शांतता की साधूने हेवा करावा. हा चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. गॅस संपलाय, नळ गळतोय, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, हे सगळं मी वीसेक वर्षं याच चेहऱ्याला सांगत आले होते. आणि मी चारचौघींत मिरवायचे, "आमचे हे ना, कध्धी मध्ये बोलत नाहीत. सगळं शांतपणे ऐकून घेतात."

तेवढ्यात नेट अडकलं. स्क्रीनवर बॅटरी चार्जिंगचं पान तसंच राहिलं, मधोमध चकली फिरत बसली आणि माझा आवाज बंद पडला.

आणि हे ताडकन सरळ झाले. झोपेतून नव्हे, त्याहून कुठून तरी लांबून आल्यासारखे. त्यांनी फोनकडे बघितलं, मग दारात मी दिसले.

"काय झालं?"

मी बोलले नाही.

"रागावलीस? काय केलं मी?"

मी नुसती बघत राहिले. हे आणखी घाबरले. माझ्या चेहऱ्यावरून काही कळेना, तेव्हा गुन्हा फोनमध्येच असणार असं धरून ते स्क्रीन वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत. बोट ठेवून. पुन्हा एकदा. ते पान जेवढा वेळ अडकलेलं होतं तेवढा वेळ वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बूट घालत असताना मी सहज विचारलं, "बॅटरी चार्ज करताना काय करायचं?"

"आधी चार्जर बंद, मगच वायर काढायची. हातमोजे, चष्मा घालायचा. दार उघडं. आसपास काडी ओढायची नाही. पाणी सांडलं तर पुसून घ्यायचं, तसंच सोडायचं नाही." धडाधड. एक अक्षर चुकलं नाही.

"आणि एकेरी रस्त्यावर वेग किती?"

"कुठला एकेरी रस्ता?"

म्हणजे जिथे मी गप्प बसले तेवढंच शिकले. जिथे जीव ओतून बोलले ते सगळं गेलं वाऱ्यावर. सांगू का, माझा जीव जळला. सवत असती तरी चाललं असतं, तिला झिंज्या धरून घालवता आली असती. पण इथे तर माझ्याच आवाजाने माझा घात केला होता. बसमध्ये मी ह्यांच्या शेजारी बसले नाही. ह्यांनी वाटभर माझ्याकडे वळून वळून बघितलं.

पहिली युक्ती अर्थातच आवाज बंद करायची. करून बघितली. आवाज बंद केला की व्हिडिओच थांबतो आणि खाली पट्टी येते, 'कृपया लक्षपूर्वक ऐका'. ही सोय साहेबांनी मुद्दाम करून घेतली होती, शिकणं परिणामकारक व्हावं म्हणून. तेव्हा आता एकच वाट उरली. साहेबांच्या खोलीत जाऊन सांगायचं की माझा आवाज काढा.

सांगायला सोपं वाटतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदा कशासाठी तरी निवडली गेले होते. ट्रकवालेसुद्धा आता "त्याच तुम्ही का मॅडम, व्हिडिओवाल्या?" असं अदबीने विचारायचे. साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मग धक्क्यावरून एक माणूस पोतं टाकून कंबर चोळत जाताना दिसला, तशी पुन्हा गेले.

"काढायचा?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, तुमच्या आवाजाला सर्वांत जास्त तारे मिळालेत! आणि तुमच्या मिस्टरांनाच बघा ना, शंभर टक्के लक्ष!"

"लक्ष नाही हो साहेब ते. सवय आहे."

"म्हणजे?"

"तुमचं लग्न झालंय का?"

"पुढच्या महिन्यात आहे," साहेब लाजून म्हणाले.

"मग तुम्हाला कळायला वेळ आहे. माझा आवाज सुरू झाला की त्यांचे कान मिटतात. मान हलते, तोंड हं म्हणतं, माणूस आत नसतो. मी बोलायची थांबले की तो जागा होतो." हे बोलताना माझे कान तापले. परक्या पोरासमोर आपल्या संसाराचं भांडं असं पालथं करायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

साहेबांनी पेन चावलं. "म्हणजे आवाजाच्या दर्जाचा प्रश्न आहे का?"

"दर्जाचा नाही हो. नात्याचा!"

त्यांनी पोर्टल उघडून काही तरी शोधलं. मग म्हणाले की दुसरा आवाज घालायचा तर वरून मंजुरी लागते आणि ती परीक्षेच्या आधी येणं शक्य नाही. नुसता काढायला मात्र मंजुरी लागत नाही. वरच्या कार्यालयाचं सगळं असंच आहे, घालायला शंभर सह्या आणि काढायला एक बोट.

"मग काढा," मी म्हणाले. "आणि एक करा. प्रत्येक पानावर थांबवा त्यांना. नुसतं पुढे पुढे पळवू नका. पान वाचलं की तिथल्या तिथे एक प्रश्न विचारा, उत्तर आलं तरच पुढचं पान. आणि चुकलं तर लगेच बरोबर काय ते सांगा, परीक्षा होईपर्यंत वाट बघू नका."

"हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"कुठे वाचणार? वीस वर्षं हेच चुकत आलेय माझं. मी विचारलं कधी? सांगतच राहिले."

साहेबांनी हेही लिहून घेतलं; प्रश्न त्यांच्याच हातातले होते, त्यांना वरची मंजुरी लागत नव्हती. लिहून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मग माझ्यासमोरच त्यांनी एक बटण दाबलं आणि माझा आवाज फोर्कलिफ्टच्या सगळ्या व्हिडिओंमधून गेला. 'खात्री आहे का?' असं पोर्टलने त्यांना विचारलं. मला कुणी विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ह्यांना साहेबांच्या खोलीत बसवलं. आधी व्हिडिओ, लगेच परीक्षा. मी माझ्या खिडकीत. फोन वाजत होते आणि मी नुसतं "या" आणि "जा" एवढंच बोलत होते. एका ट्रकवाल्याने तर काळजीने विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" माझं सगळं चित्त त्या बंद दाराकडे. घरातल्या देवापासून शीतगृहातल्या कॉम्प्रेसरपर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडून झाले.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी दार उघडलं. हे बाहेर आले. हातात गाडीची चावी, आणि ती बोटावर गरगर फिरवताहेत. मागून साहेब, हर्षवायू झालेले. ड्रायव्हरांमध्ये पहिले! तेवढ्या वेळात साहेबांनी माझ्या फजितीला एक भारदस्त नावही दिलं होतं, 'मौनकेंद्रित अध्यापनपद्धती'. पुढे ते त्यांनी वर पाठवलं, वरच्यांनी आणखी वर पाठवलं, आणि आता बाकीच्या शाखांतही म्हणे व्हिडिओ मुके करताहेत. कुणाची बायको कुठल्या व्हिडिओत बोलत होती याची चौकशी कुणी केली नाही. असो. ह्यांची सीट राहिली, बाकी काय कुणाला मिरवायचं ते मिरवू दे.

आम्ही दोघं नेहमी धक्क्याच्या मागे, माल ठेवायच्या रिकाम्या लाकडी पॅलेटवर बसून डबा खातो. त्या दिवशी ह्यांनी डबा स्वतः उघडला, माझ्या हातात पहिला घास दिला. इतकं खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. बसमधला अबोला मी केव्हाच विसरले होते.

"मग? कसे होते व्हिडिओ?" मी विचारलं.

"एक नंबर. एकेक पान थांबतं, विचारतं, मग पुढे. डोक्यात पक्कं बसतं गं. आधी काय व्हायचं, त्यात एक बाई होती."

माझा घास हातातच राहिला. "बाई?"

"हो ना. सारखी बोलायची. दम म्हणून नाही. बरं केलं साहेबांनी, काढली तिला."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. थट्टा करताहेत का ते शोधत होते. कसली थट्टा! निरागस चेहरा, मिशीला भाताचं शीत. सगळं शीतगृह चिडवून दमलं तरी या माणसाला ती बाई कोण याचा पत्ता नव्हता. माल चढवणारी पोरं हसली तेव्हा हे कशाला हसले होते, देवच जाणे.

"इतकी वाईट होती का ती?" मी विचारलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"छे, छे! वाईट कुठे म्हटलं मी?" ह्यांनी पाण्याचा घोट घेतला, जरा विचार केला. "उलट ऐकायला फार बरं वाटायचं. ती बोलायला लागली ना, की कसं घरी आल्यासारखं वाटायचं. सगळं जागच्या जागी आहे, कुठे काही बिघडलेलं नाही, असं. मग परीक्षेची काळजी कोण करतंय? तिथेच तर घोटाळा झाला."

मला एकदम भडभडून आलं आणि त्याच वेळी या माणसाच्या पाठीत एक धपाटा घालावा असंही वाटलं. धपाटा आधी घातला. मग डोळे पुसले आणि ती बाई कोण, तिचा आवाज कुणी काढायला लावला, कुणासाठी लावला, सगळं पहिल्यापासून त्यांना ठणकावून सांगायला सुरुवात केली. हे मान डोलावत निवांत जेवत राहिले.